ओझरचे विमान आणि शेतकऱ्याचा माल

निफाड तालुक्यातील द्राक्षबागेत काम करणाऱ्या माणसाला विमानाचा आवाज नवा नाही. ओझर येथे १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. तेथे प्रथम मिग आणि पुढे सुखोई जातीची लढाऊ विमाने तयार होऊ लागली. बागाईतदाराने ती विमाने मान वर करून पाहावीत आणि पुन्हा छाटणीस किंवा विरळणीस लागावे, असा क्रम अर्धशतकभर चालला. कारण त्या विमानांचा त्याच्या शेतीशी काही संबंध नव्हता.

२०१४ मध्ये त्याच धावपट्टीच्या आश्रयाने प्रवाशांसाठी नवी इमारत उभी राहिली आणि परिस्थिती पालटली. मालाच्या चढउताराची व्यवस्थाही तेथे झाली. तेव्हापासून गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो: हे विमान आमचा माल नेईल काय? प्रश्न रास्त आहे; त्यामागील आशाही रास्त आहे. परंतु नुसत्या आशेवर पिकाची योजना आखणे धोक्याचे असते. विमानतळ जवळ आला म्हणजे बाजारपेठ जवळ आली, असे समजून कोणी कर्ज काढून नवे पीक उभे करील, तर त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणे योग्य नव्हे. कोणते विमान, कोणता मार्ग आणि किती दिवसांसाठी, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. ते विचारण्याची सवय शेतकऱ्यास लावणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे.

विमानाचे माप

बैलगाडीत किती पोती बसतात आणि ट्रकमध्ये किती, हे खेड्यातील लहान मुलासही ठाऊक असते. विमानाचे माप मात्र फारसे कोणी विचारीत नाही. प्रादेशिक विमानतळांवर येणारी विमाने एका जातीची नसतात. काही १९ आसनांची, काही ५० आसनांची असतात. दोन पंख्यांचे एटीआर-७२ हे सुमारे ७० ते ७८ आसनांचे विमान लहान शहरांच्या मार्गांवर सर्वाधिक परिचयाचे आहे. त्याहून मोठे एअरबस-३२० हे जेट विमान सुमारे १८० प्रवासी नेते.

एटीआर-७२ विमान माणसे, त्यांचे सामान आणि माल मिळून साधारणतः साडेसात टन वजन उचलते. ७० प्रवासी बसले आणि प्रत्येकाचे सामानासह वजन ९५ किलो धरले, तर ६,६५० किलो तेथेच संपले. उरले सुमारे साडेआठशे किलो. म्हणजे माणसांनी भरलेल्या या विमानात मालासाठी एका टनाचीही जागा राहत नाही. एअरबस-३२० च्या पोटात प्रवाशांचे सामान भरल्यावर साधारणतः दोन-तीन टन माल जाऊ शकतो. १९ आसनांच्या विमानात तर मालाचा विचारच नको.

आता या मापाशी द्राक्षाचे माप ताडून पाहावे. चांगल्या बागेचे निर्यातक्षम उत्पादन एकरी आठ-दहा टन धरले, तर एका एकराची द्राक्षे नेण्यास एटीआर विमानाच्या दहा-बारा फेऱ्या लागतील. हीच द्राक्षे शीतपेटीत भरली, तर एका पेटीत सुमारे बारा-चौदा टन माल मावतो. शून्य ते एक अंश तापमानात, गंधकयुक्त कागदाच्या संरक्षणात, ती समुद्रमार्गे तीन-चार आठवड्यांनी युरोपात ताज्या स्थितीत उतरतात. नाशिकच्या द्राक्षाने परदेशात नाव मिळविले ते मुख्यतः जहाजाच्या बळावर होय. जो माल थंडीत महिनाभर टिकतो आणि ज्याचे वजन मोठे आहे, त्याला विमान लागत नाही. कांद्याचेही तसेच आहे. ओझरला विमान आले म्हणून द्राक्षाला किंवा कांद्याला भाव येईल, असे कोणी सांगत असेल तर ते हिशेबास धरून नाही.

मग विमान कोणासाठी? ज्या मालाचे वजन थोडे, मोल अधिक आणि आयुष्य अल्प, त्याच्यासाठी. तोडलेली फुले, स्ट्रॉबेरीसारखी नाजूक फळे, हंगामाच्या आरंभीचा आंबा, ऊतिसंवर्धित रोपे, एक दिवसाची कोंबडीची पिल्ले, मौल्यवान बियाणे ही त्याची उदाहरणे होत. अमेरिकेची बाजारपेठ २००७ मध्ये भारतीय आंब्यास खुली झाली, तेव्हा लासलगावच्या विकिरण केंद्रात प्रक्रिया केलेला हापूस विमानानेच तिकडे गेला. तो माल नाशिक जिल्ह्यातून गेला. पण तो मुंबईच्या विमानतळावरून गेला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

भाड्याचा हिशेब

विमानाचे भाडे केवळ काट्यावरील वजनावर ठरत नाही, ही गोष्ट पहिल्या खेपेस अनेकांना ठाऊक नसते आणि मग हिशेब चुकतो. विमानात वजनाप्रमाणेच जागाही मोलाची असते. म्हणून खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि त्यास सहा हजारांनी भागतात. येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक असेल, तर भाडे त्या आकड्यावर आकारले जाते. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ३० उंच असे खोके घेतले, तर त्याचे हिशेबी वजन १२ किलो होते. त्यात फुले सातच किलो भरली, तरी भाडे बारा किलोंचे द्यावे लागते. पालेभाजी व फुले यांना हा नियम जड जातो. खोके कोणत्या मापाचे घ्यावे आणि त्यात माल कसा रचावा, यावर निम्मा नफा अवलंबून असतो. हे शिक्षण गावातच देता येते. त्यासाठी विमानतळावर जाण्याचे कारण नाही.

उन्हाळ्याचीही एक अडचण सांगितली पाहिजे. हवा तापली की विरळ होते आणि विरळ हवेत विमानास उचल कमी मिळते. एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी, विशेषतः जेथे धावपट्टी आखूड आहे तेथे, विमानास आपले वजन घटवून उडावे लागते. अशा वेळी तिकीट काढलेला प्रवासी सहसा उतरविला जात नाही. मालाची खोकी मागे राहतात. ओझरची धावपट्टी तीन हजार मीटर लांब असल्याने तेथे ही अडचण कमी भासते. पण राज्यातील सर्व लहान विमानतळांना ही सोय नाही, आणि आंब्याचा हंगाम नेमका याच दिवसांत येतो.

मार्ग कोठे जातो

दुसरा प्रश्न मार्गाचा. नाशिकहून मुंबई सडकेने पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. संध्याकाळी निघालेली गाडी पहाटेच्या बाजारास सहज पोहोचते. मुंबईसाठी विमान सुरू झाले, तरी फुलांच्या किंवा भाजीच्या मालास त्याचा लाभ नाही. कारण माल विमानतळावर काही तास आधी द्यावा लागतो, उतरल्यावर सोडवून घेण्यास वेळ जातो आणि तेथून बाजारापर्यंत पुन्हा गाडी करावीच लागते. दिल्लीची गोष्ट निराळी. हजार-बाराशे किलोमीटरांहून दूरच्या बाजारास सडकेने दीड-दोन दिवस लागतात. तेथे विमानाने वाचविलेला दिवस म्हणजे फुलाच्या आयुष्यातील मोठा भाग होय. विमान किती वेगाने जाते यापेक्षा ते शेतकऱ्याच्या कोणत्या बाजाराकडे जाते, याला महत्त्व आहे.

वेळापत्रकही याच कसोटीवर पाहावे. गुलाब पहाटे तोडला, पाण्यात ठेवला, थंड केला, निवडला, बांधला आणि विमानतळावर पोहोचविला, तर दुपारनंतरचे विमान त्यास गाठता येते. तेच विमान सकाळी आठला सुटत असेल, तर आदल्या दिवशीचा माल रात्रभर शीतगृहात ठेवावा लागेल. गावाजवळ शीतगृह नसेल, तर ते विमान त्या गावापुरते नसल्यासारखेच आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

वेलीचे वय आणि मार्गाचे वय

तिसरा प्रश्न मुदतीचा आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. लहान शहरे विमानाने जोडण्यासाठी केंद्र सरकारची ‘उडान’ योजना २०१६ मध्ये आली. सुमारे एक तासाच्या प्रवासास आरंभी अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा घालून, कंपनीस येणारी तूट ठरावीक आसनांपुरती भरून देण्याची ही व्यवस्था आहे. आणि हे साहाय्य सामान्यतः तीन वर्षांचे असते. योजनेचा हेतू चांगला आहे आणि तिने अनेक ओस पडलेल्या धावपट्ट्या पुन्हा उपयोगात आणल्या. परंतु तीन वर्षांनंतर मार्ग स्वतःच्या बळावर चालेलच, अशी हमी कोणीही दिलेली नाही.

महाराष्ट्रातील अनुभव हेच सांगतो. योजनेतील अगदी पहिल्या उड्डाणांपैकी एक नांदेड-हैदराबाद मार्गावर २७ एप्रिल २०१७ रोजी झाले. ती सेवा चालविणाऱ्या कंपनीची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. पुढे २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने नांदेडहून नव्याने सेवा सुरू केली. सिंधुदुर्गात चिपी येथील विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी खुला झाला आणि मुंबईची सेवा सुरू झाली. तीन वर्षे होत आली तेव्हा, २०२४ मध्ये, ती बंद पडली. ओझरचा इतिहासही वेगळा नाही. २०१७ च्या डिसेंबरात १९ आसनांच्या विमानाने सेवेस आरंभ झाला. ती टिकली नाही. २०१८ च्या जूनमध्ये दिल्लीसाठी मोठे जेट विमान आले. पण वर्ष पुरे होण्याच्या आत ती कंपनीच एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. त्यानंतर काही कंपन्या आल्या व गेल्या, आणि मार्च २०२३ मध्ये आणखी एका कंपनीने नागपूर, गोवा व अहमदाबाद या मार्गांवर नवी सेवा सुरू केली. यात कोणास दोष देण्याचे कारण नाही. इंधनाचे दर, विमानांची उपलब्धता, प्रवाशांची संख्या अशा अनेक गोष्टींवर मार्ग जगतो किंवा मरतो.

परंतु शेतीचे चक्र असे नसते. द्राक्षाची बाग लावल्यावर फळ हाती येण्यास दीड-दोन वर्षे लागतात आणि ती बारा-पंधरा वर्षे ठेवावयाची असते. गुलाबाची लागवड चार-पाच वर्षांची असते. हरितगृहाचे कर्ज त्याहून अधिक काळ चालते. समजा, एका शेतकऱ्याने ‘विमान आले आहे’ या भरवशावर दहा गुंठ्यांत हरितगृह उभारले. पहिले वर्ष बांधणीत व लागवडीत गेले, दुसऱ्या वर्षी माल सुरू झाला, तिसऱ्या वर्षी गिऱ्हाईक जमले आणि चौथ्या वर्षी विमान बंद झाले. विमान कंपनी आपले विमान दुसऱ्या शहराकडे नेते. शेतकऱ्याला हरितगृह उचलून नेता येत नाही. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी दारात उभा राहतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागण्याचा हा प्रकार होईल, आणि त्याची जबाबदारी सल्ला देणाऱ्यावरही येईल.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. शेतकरी विमान टिकण्याची वाट पाहील आणि विमान मालाची वाट पाहील, तर दोघेही बसून राहतील. कोणी तरी आधी पाऊल टाकल्यावाचून मार्ग कसा रुजावा? हे म्हणणे खोटे नाही. प्रश्न एवढाच की पहिले पाऊल कोणी टाकावे. ज्याच्या अंगी तोटा सोसण्याचे बळ अधिक, त्याने ते आधी टाकावे, हा न्याय आहे. हे बळ सरकारपाशी आहे. विमान कंपनीपाशी व निर्यातदारापाशी आहे. काही प्रमाणात सहकारी संस्था व शेतकरी उत्पादक कंपनी यांच्यापाशी आहे. ते दोन एकरांच्या खातेदारापाशी नाही. त्याने प्रयोग करावा, पण तो एका हंगामाच्या पिकावर करावा. शेवंती, अ‍ॅस्टर, ग्लॅडिओलस यांसारखी फुले किंवा निवडक भाज्या यांचा माल विमानास गेला तर उत्तम. न गेला तर जवळच्या बाजारात खपतो आणि पुढील हंगामास शेत मोकळे राहते.

यातूनच गुंतवणुकीचा एक साधा नियम निघतो: विमान गेले तरी जे उपयोगी राहील, तेच आधी उभारावे. माल तोडल्यावर त्यातील शेताची उष्णता काढून घेणारी पूर्वशीतकरणाची खोली, निवड व बांधणीची स्वच्छ शेड, शीतगाडी, मालाची नोंद ठेवणारी शिस्त यांचा उपयोग विमानास जितका, तितकाच ट्रकला आणि जहाजालाही आहे. द्राक्ष बागाईतदारांनी या गोष्टी जहाजासाठी उभ्या केल्या. त्या ज्या गावात आहेत तेथे विमान आल्यास ते लगेच उपयोगी पडेल आणि गेल्यास नुकसान होणार नाही.

ओझरचाच एक अनुभव येथे बोधप्रद आहे. तेथून शेळ्या-मेंढ्या मालवाहू विमानाने आखाती देशांत पाठविल्या गेल्या आहेत. तो व्यापार प्रवासी विमानाच्या पोटातील उरल्यासुरल्या जागेवर चाललेला नाही. एका जातीचा माल, ठरलेला खरीददार, ठरलेला दिवस आणि संपूर्ण विमान भरेल इतकी संख्या अशी जुळणी आधी झाली, मग विमान आले. शेतमालासाठी विमान आणावयाचे असेल, तर मार्ग हाच आहे. एकेकट्याने दहा खोकी घेऊन जाण्यापेक्षा दहा गावांनी मिळून ठरावीक वारी ठरावीक टनांचा माल देण्याची हमी दिली, तर कंपनीशी बोलताना शेतकऱ्याच्या शब्दास वजन येते.

शासनाचे कर्तव्य

‘कृषी उडान’ योजना २०२० मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिचे सुधारलेले रूप आले. निवडक विमानतळांवर शेतमाल नेणाऱ्या विमानांना उतरण्याच्या व उभे राहण्याच्या शुल्कात सवलत देणे, हा तिचा एक भाग आहे. ही सवलत स्वागतार्ह आहे. परंतु शुल्क माफ झाल्याने माल थंड होत नाही. विमानतळावर शेतमालासाठी शीतकक्ष नसेल आणि खोकी उन्हात फलाटावर पडून राहत असतील, तर शेतापासून जपलेला माल शेवटच्या दोन तासांत वाया जातो.

आणखी दोन गोष्टी शासनास करता येतील आणि त्यांना खर्चही फार नाही. पहिली, विमानांचे हंगामी वेळापत्रक, विमानाची जात आणि मालासाठी उपलब्ध असलेली जागा यांची माहिती तालुका कृषी कार्यालयात मराठीत लावावी. दुसरी, एखाद्या मार्गाचे साहाय्य कोणत्या महिन्यात संपते हे किमान एक वर्ष आधी जाहीर करावे. बियाण्याच्या पिशवीवर त्याची मुदत छापलेली असते. शेतकऱ्यास ज्या मार्गावर विसंबावयाचे, त्याची मुदत त्याच्यापासून का झाकावी?

कार्यकर्त्याने काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्याने विमानाचा प्रचारकही होऊ नये आणि विरोधकही होऊ नये. त्याने एक वही घालावी. विमानतळापासून दोन तासांच्या अंतरात कोणती गावे येतात, तेथे कोणता नाजूक माल किती व कोणत्या महिन्यांत निघतो, जवळचे पूर्वशीतकरण केंद्र कोठे आहे, विमान कोणत्या वारी व किती वाजता सुटते, त्यात मालास किती जागा आहे, दर किलोस भाडे काय आणि दूरच्या बाजारात मिळणारा जादा भाव त्या भाड्याहून अधिक आहे काय, याची नोंद करावी. परदेशी माल पाठविणाऱ्यास वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, हे आधीच सांगावे. एवढी माहिती जमली की कोणत्या गावाने विमानाचा विचार करावा आणि कोणत्या गावाने ट्रकवरच समाधान मानावे, हे वहीच सांगेल.

जो शेतकरी दीर्घ मुदतीचे कर्ज काढण्यास निघाला असेल, त्याच्यापुढे कार्यकर्त्याने एकच हिशेब मांडावा: हे विमान उद्या बंद झाले, तर हा माल कोठे विकला जाईल आणि त्या भावात हप्ता फिटेल काय? उत्तर ‘फिटेल’ असे आले, तर त्याने निर्धास्तपणे पुढे जावे. विमानाचा लाभ तो वरकड समजावा. उत्तर ‘नाही’ असे आले, तर कर्जाच्या कागदावर अंगठा उठण्यापूर्वी त्यास थांबविणे, हीच त्या वर्षातील मोठी विस्तारसेवा ठरेल.